मरवा लावायचाय, खायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मरवा म्हणजे तोच ना, गजऱ्यात असतो तो? तो खातात?

हो तोच, आणि हो खातात. अबोलीच्या वेणीत मधेमधे जी हिरवी वासाची काडी असते ती मरव्याची, आणि सुपरमार्केटमध्ये छोट्या बाटलीत मार्जोरम म्हणून जो सुका पाला चांगल्यापैकी महाग मिळतो तोही मरवाच. शास्त्रीय नाव ओरिगॅनम मेजोराना, पुदिना-तुळशीच्याच कुळातलं झाड, मूळचं सायप्रस आणि तुर्कस्तानच्या बाजूचं. आपल्याकडे तो केसात गेला आणि तिकडे सूपात, एवढाच फरक. बाटलीतला विकत घेण्याआधी एक कुंडी लावून बघा असं मी सगळ्यांना सांगते, कारण ताज्याची चव वेगळीच असते, आणि कुंडीतलं झाड नीट छाटत राहिलं तर घराला पुरून उरतं.

फक्त एक लक्षात ठेवा, फुलवाल्याकडची जुडी आणून थेट ऑम्लेटमध्ये घालू नका. ती खाण्यासाठी पिकवलेली नसते, त्यावर काय फवारलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. तिच्या काड्या रुजवा, आणि झाड झालं की नवीन फुटीची पानं खा.

नर्सरीत मरवा मागितला तर दवणा दिला. एकच आहे का?

नाही हो. दवणा म्हणजे जोतिबाला चैत्रात वाहतात तो, त्याची पानं बारीक चिरलेली, राखाडी, वास गोडसर. मरव्याचं पान अख्खं असतं, लहान, लंबगोल, नखाएवढं, समोरासमोर जोडीने येणारं, हात लावला तर किंचित मखमली. काडी बोटात फिरवून बघा, चौकोनी लागते. कळ्या आल्या असतील तर ओळख फारच सोपी, शेंड्याला हिरव्या गोल गाठींसारखे झुबके दिसतात आणि त्यातून बारीक पांढरी फुलं डोकावतात.

अजून एक घोळ ऑनलाइन बिया मागवताना होतो. उत्तरेकडे मरुआ म्हणून जे विकतात ते बऱ्याचदा तुळशीच्या जातीचं, आपल्या सब्जाच्या जवळचं झाड असतं. त्याची पानं मोठी, गुळगुळीत, आणि वास साफ तुळशीचा. म्हणून पाकिटावर शास्त्रीय नाव बघूनच घ्या. पानओवा तर अजूनच वेगळा, जाड रसरशीत पानांचा, त्याची भजी करतात, त्याचा मरव्याशी लांबचा संबंध.

मग ओरेगानो आणि मरवा?

सख्खी भावंडं आहेत, पण स्वभाव वेगळे. पिझ्झावर भुरभुरवतो त्या ओरेगानोचा तिखट झणझणीत वास मुख्यतः कार्व्हाक्रोल नावाच्या द्रव्याचा, जे पानओव्यातही असतं, म्हणून तर काही लोक पानओव्यालाच इंडियन ओरेगानो म्हणतात. मरव्यात ते अगदी कमी, त्यामुळे वास मवाळ, गोडसर, थोडा पाइनच्या झाडासारखा थोडा फुलासारखा. ओरेगानो शिजवायला टिकतो, मरवा फार शिजवला की उडून जातो. रेसिपीत एकाऐवजी दुसरा घातला तर बिघडत नाही, पण ओरेगानो घालताना हात आखडता घ्या.

बीपासून लावू की काडीपासून?

काडीपासून, अगदी डोळे झाकून. बी इतकं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये हजारो बिया बसतात, जोरात श्वास सोडला तरी उडून जातात, आणि उगवल्यावरची रोपं सुरुवातीचे कित्येक आठवडे जागची हलत नाहीत. तरी बीच लावायचं असेल तर मातीवर नुसतं भुरभुरवा, वर माती टाकू नका कारण उगवायला उजेड लागतो, आणि पाणी झारीने न घालता स्प्रेने द्या. १८ ते २२ अंश तापमान असेल तर एक ते दोन आठवड्यात उगवतं. आपल्याकडे ऑक्टोबर ते जानेवारी हाच काळ.

काडी घेताना फुलं न आलेली, ना फार कोवळी ना लाकूड झालेली अशी ३-४ इंचाची घ्या. खालच्या अर्ध्या भागाची पानं काढून टाका, ओल्या वाळूत किंवा निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं परलाइट (पांढरे हलके सच्छिद्र खडे) अशा मिश्रणात खोचा, आणि उजेड येईल पण ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा. दोन-चार आठवड्यात मुळं येतात. रुजली का हे बघायला काडी उपटून बघायची नाही, हलकेच ओढल्यावर अडकल्यासारखी वाटली म्हणजे रुजली. एका कुंडीत पाच-सहा काड्या खोचा, सगळ्या थोडीच जगणार आहेत.

फुलवाल्याकडची काडी पण चालते, फक्त सकाळी सकाळी ताजी आणा. दिवसभर प्लास्टिकखाली गुदमरलेली काडी रुजत नाही.

अजून एक आळशी पद्धत, मला स्वतःला हीच आवडते: आहे त्या झाडाची खालची लांब फांदी वाकवून शेजारच्या कुंडीतल्या मातीला टेकवायची, वर एक छोटा दगड ठेवायचा, आणि विसरून जायचं. तिथे मुळं फुटली की कापून वेगळी करायची.

माती कशी हवी? आमच्याकडे नर्सरीतली लाल माती आहे / शेतातली काळी आहे.

दोन्ही नुसत्या वापरू नका. नर्सरीची लाल माती चार पाण्यात विटेसारखी घट्ट होते आणि काळी तर पाणी धरूनच बसते, मरव्याला यातलं काहीच झेपत नाही. हे झाड मुळात डोंगरउतारावरच्या दगडगोट्यांच्या, कोरड्या, चुन्याच्या जमिनीतलं आहे. म्हणून दोन भाग माती, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा, आणि एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट असं करा. कोकोपीट फार घालू नका, उन्हाळ्यात ठीक वाटतं पण पावसाळ्यात तेच अंगाशी येतं.

कोकणात, गोव्यात जांभ्याची माती आंबट असते, तिथे कुंडीमागे चमचाभर चुन्याची निवळी नाही तर शेतीचा चुना मिसळला तर झाड खूश राहतं. देशावरच्या काळ्या मातीत चुना आधीच भरपूर, तिथे फक्त निचऱ्याचं बघा.

कुंडी ८ इंचाची पुरते, मातीची असेल तर उत्तम कारण ती अंगातून पाणी सोडते. भोक एकच आणि बारीक असेल तर मोठं करून घ्या. मुळं खोल जात नाहीत, त्यामुळे उंच कुंडीपेक्षा पसरट बरी.

किती ऊन लागतं? आमची बाल्कनी पूर्वेची आहे.

पूर्वेची बाल्कनी म्हणजे चारेक तास कोवळं ऊन, तेवढ्यात जगेल. सहा तास मिळाले तर वास जास्त चांगला येईल, कारण तेल पानात साठतं ते उन्हात. ऊन कमी पडलं की काड्या लांब लांब होतात, दोन पानांतलं अंतर वाढतं, आणि झाड आडवं पडतं. उत्तरेच्या बाल्कनीत मात्र नाद सोडा किंवा ग्रो लाइट (झाडं वाढवायचा खास दिवा) लावा.

मार्च-एप्रिलनंतर विदर्भ-मराठवाड्यात चाळीसच्या वर पारा गेला की दुपारचं ऊन झेपत नाही, पानं कडेने करपतात. तिथे सकाळचं ऊन द्यायचं आणि अकरानंतर हिरव्या नेटखाली किंवा मोठ्या झाडाच्या सावलीत सरकवायचं. पुणे-नाशिकला तेवढी अडचण येत नाही.

पाणी रोज घालायचं ना?

नाही!! हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त मरवे यातच मरतात. बोट मातीत एक पेर घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी, आणि घालाल तेव्हा खालून निघेपर्यंत भरपूर घाला. थंडीत तीन-चार दिवसांनी, कडक उन्हाळ्यात लहान कुंडीला रोज लागू शकतं, म्हणून दिवस मोजण्यापेक्षा बोट घाला. खालच्या बशीत साठलेलं पाणी लगेच ओतून टाका, खरं तर बशी ठेवूच नका.

गंमत म्हणजे जास्त पाण्यानेही झाड कोमेजल्यासारखंच दिसतं, मान टाकतं. लोकांना वाटतं तहान लागलीये, अजून पाणी घालतात, आणि मग विषयच संपतो. माती ओली आणि झाड मलूल असेल तर मुळं कुजतायत असं समजा.

पावसाळ्यात दरवर्षी मरतो. काय करू?

मरव्याचा आपल्याकडचा खरा शत्रू पावसाळाच. थंडी त्याला तिकडे युरोपात मारते, इकडे जून ते सप्टेंबर मारतात. नुसता पाऊस नाही, हवेतला दमटपणा, ऊन नाही, वारा अडलेला, अशात दाट झाडाच्या आतली पानं आधी पिवळी, मग काळी होतात, मग बुंध्याजवळ काडी मऊ पडते आणि वरचं सगळं दोन दिवसात बसतं.

म्हणून तयारी मेमध्येच. पहिला पाऊस यायच्या आधी झाडाची एक तृतीयांश छाटणी करा, आतल्या गर्दीतल्या बारीक काड्या काढून टाका, बुंध्याला वारा लागला पाहिजे. छाटलेल्यातल्या चांगल्या काड्या बॅकअप म्हणून लावून ठेवा, मोठं झाड गेलं तरी पिल्लं राहतात, आणि मोठं राहिलं तर शेजाऱ्यांना द्यायला होतात. मग कुंडी अशा जागी हलवा जिथे डोक्यावर छप्पर आहे पण तीन बाजूंनी वारा आहे, खिडकीच्या ग्रिलमध्ये वरच्या स्लॅबखाली, किंवा कोकणात असाल तर पडवीत. पडवीच्या अगदी कडेला मात्र नको, पागोळ्या बरोबर कुंडीत पडतात. कुंडी जमिनीवर न ठेवता दोन विटांवर ठेवा. मातीवर बारीक खडीचा पातळ थर दिला तर खालची पानं ओल्या मातीला टेकत नाहीत, हा साधा उपाय फार कामाचा आहे.

पूर्ण पावसाळा खत बंद. पाणी आठवड्यातून एकदा लागलं तर लागलं. मधे उघडीप मिळाली की बाहेर उन्हात ठेवायचं, ढग आले की आत, आणि हो हे कंटाळवाणं आहे, पण सप्टेंबर अखेरीपर्यंत तगलं की पुढे पाच-सहा महिने ते झाड बघत राहावं असं होतं.

बुंधा काळा पडायला लागलाच तर झाड वाचवायच्या मागे लागू नका, वरच्या हिरव्या शेंड्यांच्या काड्या घ्या आणि नव्याने लावा. ती कुंडीतली माती उन्हात तापवल्याशिवाय परत वापरायची नाही.

खत कुठलं? शेणखत, गांडूळखत, एनपीके (नत्र-स्फुरद-पालाशचं रासायनिक खत)?

थोडंसं गांडूळखत, दीड-दोन महिन्यांनी मूठभर, बास. खत जास्त झालं, विशेषतः नत्र, की पानं मोठी हिरवीगार होतात आणि वास पाणचट. मरव्याला थोडं उपाशी ठेवलेलंच बरं. शेंगदाण्याची पेंड आंबवून घालणारे लोक आहेत, गुलाबाला घाला ती, इथे गरज नाही.

पिवळा पडतोय, पानांवर बारीक ठिपके आहेत, चिकट काहीतरी आहे...

तिन्हीची कारणं वेगळी. खालची पानं पिवळी आणि माती ओली म्हणजे पाणी जास्त. पानांवर फिकट बारीक ठिपके आणि खालून बारीक जाळी म्हणजे लाल कोळी, हा कोरड्या उन्हाळ्यात येतो, त्याला जोराच्या पाण्याने पानांच्या खालून धुणं हा सगळ्यात चांगला उपाय, चार दिवस लागोपाठ सकाळी. चिकट आणि शेंड्यावर गर्दी असेल तर मावा, पांढऱ्या कापसासारखं असेल तर पिठ्या ढेकूण. थोडा असेल तर बोटाने किंवा जुन्या ब्रशने काढा. जास्त असेल तर एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे काही थेंब, संध्याकाळी फवारा, उन्हात नाही, पानं भाजतात. फवारल्यावर आठवडाभर तरी खायला काढू नका आणि नंतरही धुऊनच, निंबोळीचा कडवटपणा सूपात लागला तर मरव्याला उगाच शिव्या बसतील.

खायच्या झाडावर दुकानातली रासायनिक औषधं मारू नका, एका काडीसाठी एवढं कशाला, नवीन लावा.

छाटायचा कधी? तोडायला जीव होत नाही.

तोडा हो! मरवा न तोडणाऱ्यांचाच लवकर खराब होतो. रोप बोटभर उंचीचं झालं की पहिल्यांदा शेंडे खुडा, तिथून दोन फांद्या फुटतात, त्या वाढल्या की त्यांचेही शेंडे खुडा. असं केलं तर झाड गोल झुपकेदार होतं, नाही तर दोन लांब काड्या आणि वर फुलं असा केविलवाणा प्रकार.

रोजच्या वापराला हवं तेव्हा शेंडे खुडायचे. एकदम जास्त हवा असेल, सुकवायला वगैरे, तर गाठींसारख्या कळ्या आल्यात पण फुलं उमलली नाहीत हा मुहूर्त पकडा, तेव्हा वास सगळ्यात भरलेला असतो. सकाळी दव उडाल्यावर, ऊन चढायच्या आत. एकावेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, आणि खालच्या लाकूड झालेल्या, पानं नसलेल्या भागात कात्री घालू नका, तिथून परत फुटेलच असं नाही.

फुलं आली म्हणून विष होत नाही, थोडी चव उतरते एवढंच. एखादी फांदी फुलांसाठी सोडा, मधमाश्या येतात.

झाड किती वर्षं टिकतं?

आपल्याकडे बर्फ नसल्यामुळे बारमाही आहे, पण दोन-तीन वर्षांनी बुंधा लाकूड होऊन पानं फक्त टोकाला राहतात. तेव्हा हट्ट न करता काड्या काढून नवीन कुंडी करायची. मी दर दिवाळीच्या सुमाराला एक तरी नवीन लावतेच.

सुकवायचा कसा? सुकल्यावर वास जातो ना कोथिंबिरीसारखा?

इथेच मरवा बाजी मारतो, सुकल्यावरही वास चांगला टिकतो. जगभर तो जास्त करून सुकाच वापरतात, आणि त्यातला खूप मोठा हिस्सा इजिप्तमधून येतो. तिथे त्याचा चहापण करून पितात.

पाच-सहा काड्यांची सैल जुडी बांधून सावलीत, वारा असलेल्या जागी उलटी टांगा. उन्हात वाळवू नका, रंग आणि वास दोन्ही जातात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आठवडाभरात पानं कुरकुरीत होतात. मुंबईत पावसाळ्यात हे करायला जाऊ नका, बुरशी येईल, तेव्हा ताजाच वापरा नाहीतर चिरून लोण्यात मिसळून आइस ट्रेमध्ये गोठवा. सुकलेली पानं काडीवरून ओरबाडून अख्खीच काचेच्या घट्ट बाटलीत ठेवा, चुरा वापरताना हातावर करा. गॅसच्या वरच्या फळीवर बाटली ठेवायची नाही, उष्णतेने वास जातो. वर्षभरात संपवा.

मापाचं म्हणाल तर ताजा तीन चमचे म्हणजे सुका एक चमचा.

आणि स्वयंपाकात कशात घालू? वरणात चालेल?

वरणात मला नाही आवडत, हिंग-जिऱ्याच्या फोडणीपुढे त्याचं काही चालत नाही. जिथे मसाला कमी आहे तिथे घाला. बटाटा हा त्याचा सगळ्यात जवळचा मित्र: उकडलेले बटाटे लोण्यावर परतून मीठ, मिरपूड आणि शेवटी ताजा मरवा, एवढंच करून बघा. झेक लोक बटाट्याच्या किसाचे धिरड्यासारखे ब्रामबोराक करतात त्यात लसूण आणि मरवा हवाच, आणि आपल्याला उपासाची बटाट्याची थालीपीठं करायचा हात असतोच, त्यामुळे ते पहिल्या फटक्यात जमतात (उपासाला नाही चालणार, मैदा आणि अंडं असतं). जर्मनीत बटाट्याच्या सूपात आणि सॉसेजमध्ये जातो, इतका की त्याचं एक नावच तिकडे सॉसेजची वनस्पती अशा अर्थाचं आहे. पोलंडमध्ये झुरेक नावाच्या आंबट सूपात, इटलीच्या लिगुरियात पालेभाजी आणि चीज भरलेल्या पास्त्यात.

घरच्या घरी: ऑम्लेट, मशरूम, पनीर टिक्क्याऐवजी नुसतं तव्यावर भाजलेलं पनीर, टोमॅटो सूप, मक्याचे दाणे, रोस्ट चिकन. उकडलेल्या वालाच्या किंवा राजम्याच्या सॅलडमध्ये ऑलिव्ह ऑइल-लिंबासोबत फार छान. टोमॅटोच्या साराला फोडणीत कढीपत्त्याऐवजी नको, उतरवताना दोन काड्या टाका आणि झाकण ठेवा. नियम एकच, ताजा शेवटी, सुका थोडा आधी.

औषधी आहे म्हणतात. रोज काढा घेऊ का? तेल मिळतं तेही?

जेवणात घालतो तेवढा खायला हरकत नाही, पानांचा हलका चहाही लोक पितात. पण काढ्याचा रतीब लावायचा असेल, गरोदर असाल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, इथे विचारू नका. बाटलीतलं सुगंधी तेल पोटात घ्यायचं नाही, ते फार तीव्र असतं. घरात मांजर-कुत्रं असेल तर कुंडी जरा उंचावर, त्यांनी जास्त खाल्लं तर उलट्या-जुलाब होऊ शकतात.

एकाच कुंडीत पुदिना, मरवा, कोथिंबीर लावली तर?

नको. पुदिन्याला पाणी हवं आणि तो शेजाऱ्याची जागा खातो. मरव्यासोबत थाइम, ओरेगानो किंवा रोझमेरी चालेल, सगळी कमी पाण्याची मंडळी.

आम्ही जर्मनीत राहतो, इथे बाल्कनीत टिकेल का?

उन्हाळ्यात मस्त, तिकडचं कोरडं मोठ्या दिवसांचं ऊन त्याला फार मानवतं. मेच्या मध्यानंतर, रात्रीचं गोठणं थांबलं की बाहेर काढा. पहिल्या हिमाच्या आधी मात्र आत घ्यावं लागेल, हिवाळा बाहेर काढत नाही, म्हणून तिथले लोक त्याला सरळ एका हंगामाचं झाड समजतात. आत दक्षिणेच्या खिडकीत ठेवा, हीटरच्या अगदी वर नको, पाणी अगदी कमी. सुपरमार्केटमध्ये मायोरान नावाने जी छोटी कुंडी मिळते त्यात भरमसाट रोपं दाटीने कोंबलेली असतात, आणल्या आणल्या चार भाग करून वेगळ्या कुंड्यांत लावा, नाहीतर दोन-तीन आठवड्यात माना टाकतील.

गजऱ्यासाठी पण त्याच झाडाच्या काड्या वापरल्या तर चालेल?

का नाही चालणार, फक्त फवारणी केलेल्या आठवड्यात काढायच्या नाहीत. लांब काड्या हव्या असतील तर एका कुंडीचे शेंडे खुडणं थांबवा आणि ती कुंडी गजऱ्याची, दुसरी स्वयंपाकाची. काड्या आदल्या संध्याकाळी काढून ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या तर सकाळी ताठ असतात, आणि उरल्या तर ऑम्लेट आहेच.